पाव इंच म्हणजे एक फूट : एका रोझेनवाल्ड शाळेच्या प्रतिकृतीच्या नोंदी

४ फेब्रुवारी

वाचनालयाच्या बैठकीत काल नक्की झालं. ११ ते १४ एप्रिल, जोतीरावांच्या जयंतीपासून बाबासाहेबांच्या जयंतीपर्यंत, तळमजल्यावरच्या दालनात शाळांवरचं प्रदर्शन. ज्या मुलांना वेगळं बसवलं, त्यांच्या शाळा. बाकीच्यांनी पुणे आणि सातारा वाटून घेतलं. अमेरिकेचा कोपरा मी मागून घेतला.

कारण जुनं आहे. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना. शाळेत एका जयंतीला मी ते अर्पणपत्र वाचून दाखवलं, तेव्हा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, “मग सर, सुटल्यावर त्यांची पोरं कुठल्या शाळेत गेली?” मी ‘वेगळ्या शाळेत’ एवढंच म्हणालो आणि पुढचं पान उलटलं. आता निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. उत्तर द्यायचं राहून गेलंय.

नुसते फोटो आणि मजकूर लावायचा नाही. चित्रकलेच्या शिक्षकाला हातानं काहीतरी उभं करता आलं पाहिजे. दोन शिक्षकांची, दोन वर्गांची, खेड्यातली एक शाळा करायची. अमेरिकेच्या दक्षिणेत अशा शाळांना लोक रोझेनवाल्ड शाळा म्हणायचे.

७ फेब्रुवारी

नकाशा मोठा करून छापून आणला. ‘कम्युनिटी स्कूल प्लॅन’ क्रमांक २०. मापं सगळी फूट-इंचात असल्यामुळे मेट्रिकमध्ये शिरलोच नाही. पाव इंच म्हणजे एक फूट धरलं, मग पट्टी ठेवली की गणित आपोआप होतं.

नकाशावर एक सूचना आहे आणि ती मला फार आवडली. ही शाळा पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडेच तोंड करून बांधायची. उत्तर-दक्षिण जागा असेल तर नकाशा वेगळा घ्यायचा. वीज नव्हती, म्हणून नकाशा सूर्यापासून सुरू केलाय.

१२ फेब्रुवारी

फलकाच्या मजकुराला बसलो. दिवसभर तेच.

ज्यूलियस रोझेनवाल्ड हे शिकागोच्या सीअर्स, रोबक या टपालानं माल विकणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष. जर्मनीहून आलेल्या ज्यू कुटुंबातले. १९११ साली त्यांची बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याशी गाठ पडली. वॉशिंग्टन जन्माने गुलाम, पुढे दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातल्या टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे प्रमुख. १९१२ साली पन्नासाव्या वाढदिवसाला रोझेनवाल्डनी टस्कीगीला २५,००० डॉलर दिले. त्यातले काही पैसे उरले, तेव्हा वॉशिंग्टननी विचारलं की यातून खेड्यापाड्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी सहा लहान शाळा बांधू का. त्या सहांमधली पहिली १९१३ मध्ये अलाबामातच लोचापोका गावाजवळ उभी राहिली.

तिचा हिशेब मिळाला आणि मी तो दोनदा जुळवून पाहिला. एकूण खर्च ९४२ डॉलर ५० सेंट. रोझेनवाल्डचे ३००. गावातल्या गोऱ्यांकडून ३६०. कृष्णवर्णीय गावकऱ्यांनी जमिनीसाठी रोख दिले १५० आणि शिवाय अंगमेहनत केली, तिची किंमत लावली १३२ डॉलर ५० सेंट.

त्या पन्नास सेंटवर माझी नजर अडकली. कुणीतरी बसून दिवस मोजले असणार, कुणी किती वेळ रंधा मारला, कुणी किती खेपा लाकूड वाहिलं, आणि ते सगळं अर्ध्या डॉलरपर्यंत लिहून ठेवलं असणार. आमच्याकडे श्रमदानाचा असा हिशेब कुणी ठेवत नाही. इथे ठेवावाच लागला, कारण शाळा मिळायची अट तीच होती. तुम्ही तुमचा वाटा उभा करा, मग आमचा येईल.

१८ फेब्रुवारी

भिंती कापल्या. पाच मिलिमीटरचा फोमबोर्ड. बाहेरून एकावर एक चढवलेल्या आडव्या फळ्या दाखवायच्या म्हणून कार्डशीटच्या पट्ट्या चिकटवतोय. एका लांब भिंतीला दोन तास लागले. बोटं फेव्हिकॉलनं कडक झाली.

२३ फेब्रुवारी

आजचा दिवस चुकीचा आणि चांगला.

खिडक्या बसवल्या. एकेक सुटी नाही, तर एकीला एक लागून सलग रांग, प्रत्येक वर्गाला एक. वर-खाली सरकणाऱ्या चौकटी, त्यात छोटी छोटी तावदानं. ओएचपीच्या जुन्या पारदर्शक शीटवर पांढऱ्या शाईनं गज ओढले. मग भाचीनं आइसक्रीमच्या काड्यांची बाकं केली होती, ती चिकटवून टाकली. संध्याकाळी सहज मोबाइलचा टॉर्च खिडक्यांबाहेर धरला आणि एका बाकावर काडेपेटीतली काडी उभी केली, लिहिणाऱ्या हातासारखी. सावली पडली ती थेट वहीवर.

बाकं मी उलट्या दिशेनं लावली होती. उजेड मुलांच्या उजवीकडून येत होता.

मूळ नकाशात हे पक्कं ठरवलेलं आहे. उजेड डाव्या खांद्यावरून आला पाहिजे, म्हणजे उजव्या हातानं लिहिताना हाताची सावली अक्षरावर येत नाही. सगळी बाकं सोडवून परत फिरवली. पुन्हा टॉर्च धरला. आता काडीची सावली बाकाच्या बाहेरच्या अंगाला गेली आणि पान उजळ राहिलं. हे एवढंसं पाहायला मी चाळीस वर्षं वर्गात उभा राहिलो, पण माझ्या कुठल्याच वर्गात कुणी हा विचार केलेला नव्हता.

भाची शेजारी उभी होती. म्हणाली, “मामा, मी तर डावरी आहे.” तिच्या वहीवर या शाळेतही सावलीच पडली असती. फलकावर हे लिहायचं का ते ठरवू. मला वाटतं लिहावं.

या रचनेमागे कोण, तर आधी टस्कीगीतले वास्तुरचनाकार रॉबर्ट आर. टेलर. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेतून पदवी घेतलेले पहिले कृष्णवर्णीय, १८९२ सालचे. सुरुवातीच्या शाळांचे नकाशे त्यांच्या हाताखाली झाले. १९२० मध्ये कामाची सूत्रं रोझेनवाल्ड निधीच्या नॅशव्हिलमधल्या कार्यालयात गेली आणि सॅम्युअल एल. स्मिथ यांनी नकाशे नव्यानं काढले. आपला २० क्रमांकाचा नकाशा त्या काळातला. टेलरांचं नाव बऱ्याच ठिकाणी मागे पडतं, म्हणून फलकावर ते आधी आणि ठळक.

१ मार्च

दोन वर्गांमधली भिंत ही भिंत नाही, घडीची दारं आहेत. ती सरकवली की दोन वर्गांचं एक सभागृह होतं. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद आणि मागे कापडी पट्टी, अशी घडी केली. पहिल्या दिवशी अडकत होती. आमच्या गल्लीतल्या सुतारदादांना दाखवली. त्यांनी खालच्या कडेला मेण चोळलं आणि म्हणाले, “गुरुजी, दार खऱ्याचं असो नाहीतर खेळण्यातलं, पावसाळ्यात फुगतंच.” आता मऊ सरकते.

हे दार मला सगळ्या शाळेत महत्त्वाचं वाटतं. दिवसा अक्षरं आणि पाढे, रात्री गावाची बैठक. शाळेसाठी पैसे गोळा करायची जेवणावळही याच जागेत व्हायची. शिवाय एक खोली हस्तव्यवसायाची, मुलींना शिवण आणि स्वयंपाक, मुलांना सुतारकाम. त्या खोलीबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. हाताचं काम मी आयुष्यभर शिकवलं, त्याला कमी लेखणार नाही. पण कृष्णवर्णीय मुलांनी हातकामापुरतंच शिकावं असं मानणारे गोरे अधिकारी त्या काळी पुष्कळ होते, आणि ही खोली त्यांना पटणारी होती. नकाशात ती आहे, तेव्हा प्रतिकृतीतही राहील.

३ मार्च

रंग. बाहेरून पांढरा, कडांना राखाडी. आत भिंती फिकट क्रीम, खालचा फळ्यांचा भाग अक्रोडी तपकिरी. हे माझ्या मनाचे रंग नाहीत, नकाशाच्या पुस्तिकेतच दिलेले आहेत. वर फिकट म्हणजे उजेड परततो, खाली गडद म्हणजे हाता-पायांचे डाग दिसत नाहीत.

९ मार्च

पैशाचा फलक. हाच प्रदर्शनाचा कणा आहे आणि हाच जमत नव्हता.

१९३२ मध्ये कार्यक्रम थांबला तोवर १५ राज्यांत मिळून ४,९७७ शाळा, २१७ शिक्षक-निवास आणि १६३ कर्मशाळा बांधून झाल्या होत्या. एकूण खर्च २,८४,०८,५२० डॉलर. त्यात रोझेनवाल्डचा वाटा ४३,६४,८६९. कृष्णवर्णीयांनी स्वतः दिलेले ४७,२५,८७१. गोऱ्या व्यक्तींच्या देणग्या १२,११,९७५. उरलेले १,८१,०५,८०५ सरकारी करातून.

म्हणजे ज्यांच्या नावानं शाळा ओळखल्या जातात, त्यांच्यापेक्षा जास्त पैसे ज्यांची मुलं शिकणार होती त्यांनी घातले. कापूस वेचणारी, वाट्यानं शेती करणारी माणसं ही. कुणी कोंबड्या विकल्या, कुणी शेताचा एक तुकडा शाळेच्या नावानं पेरला आणि त्याचा कापूस शाळेला दिला.

आणि करातून आलेला पैसाही परका नव्हता. तो त्यांनीही भरलेला होता. अलाबामात १९०१ च्या राज्यघटनेनं वेगळ्या शाळा सक्तीच्या केल्या. त्याच्या दहा वर्षं आधी, १८९१ मध्ये, एक कायदा झाला होता. राज्याचा शिक्षणनिधी प्रत्येक भागाला मुलांच्या संख्येवर मिळायचा, कृष्णवर्णीय मुलं धरून. पण आलेला पैसा कुठल्या शाळेला किती द्यायचा हे ‘न्याय्य’ वाटेल तसं ठरवायचा अधिकार तिथल्या गोऱ्या विश्वस्तांना दिला. मोजायला सगळी मुलं, वाटायला निवडक. ज्या भागात कृष्णवर्णीय मुलं जास्त, तिथल्या गोऱ्या शाळांची चांदी.

तेव्हा या लोकांनी शाळेसाठी दोनदा पैसे मोजले. एकदा कर म्हणून, तो दुसऱ्यांच्या शाळेत गेला. मग पदरचे. आणि बांधून झालेली इमारत सरकारजमा करायची, अशीही अट होती.

हे सगळं फलकावर बसवताना रोझेनवाल्डना खलनायक करायचं नाही. त्यांच्याशिवाय राज्यांची तिजोरी उघडली नसती, आणि त्यांनी या शाळांना आपलं नाव द्या असं म्हटलं नव्हतं. पण दात्याचा मोठा फोटो मधोमध आणि गावकरी कोपऱ्यात, अशी मांडणी मी करणार नाही. फोटो सगळे एकाच आकाराचे.

१५ मार्च

अलाबामातल्या बोलिगी गावची हकीकत लिहून काढली. एम. एच. ग्रिफिन हे रोझेनवाल्ड शाळांचे तिथले प्रतिनिधी, त्यांनी ती १९२५ च्या सुमाराला नोंदवली. शाळेसाठी निधी गोळा करायची सभा. एक म्हातारा उठला, गुलामीचे दिवस स्वतः पाहिलेला. मळकट, तेलकट पिशवी घेऊन पुढे आला आणि टेबलावर ओतली. एक सेंट, पाच सेंट, दहा सेंटची नाणी, मोजली तेव्हा ३८ डॉलर भरले. जन्मभराची शिल्लक होती ती. नातवंडांच्या पोरांना संधी मिळावी म्हणून होतं नव्हतं ते देतो, असं तो म्हणाला.

त्याचं नाव मजकुरात नाही. पिशवी मात्र आहे. भाचीनं जुन्या मांजरपाटाच्या तुकड्याची अंगठ्याएवढी पिशवी शिवली, तिला मी खोबरेल लावून मळवली. प्रतिकृतीत घडीची दारं उघडी ठेवायची आणि सभागृहातल्या टेबलावर ती पिशवी. बाकी माणसं करायची नाहीत.

२१ मार्च

बाबासाहेबांचा फलक. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं. भारतातल्या अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती खूप सारखी आहे, असं त्यात म्हटलं आणि संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. ३१ जुलैला ड्युबॉइस यांचं उत्तर आलं, तुमचं नाव ऐकून आहे असं सांगणारं. ही देवाणघेवाण पुष्कळांना ठाऊक असते. मला तिच्या मागची एक गोष्ट हवी होती आणि ती आज सापडली.

ड्युबॉइस तरुणपणी, फिस्क विद्यापीठात शिकत असताना, उन्हाळ्याच्या सुट्टीत टेनेसीतल्या एका खेड्यात मास्तर होते. रोझेनवाल्ड शाळा यायच्या पंचवीस-एक वर्षं आधी. शाळा म्हणजे ओंडक्यांची झोपडी, मका साठवायची. दाराच्या जागी नुसती मोकळी चौकट. मास्तरांची खुर्ची घरमालकिणीकडून उसनी आणलेली, ती रोज संध्याकाळी परत करावी लागे.

आणि साताऱ्याच्या शाळेत लहान भीमराव गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळा बसत होता. तो तुकडा शाळेचा गडी शिवत नसे, म्हणून रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा.

दोन्ही वस्तू शेजारी ठेवायचा मोह झाला होता. नाही ठेवणार. खुर्ची परत जायची ती गरिबीमुळे, आणि उसनी देणारी बाई आपली होती. गोणपाट घरी जायचं ते विटाळामुळे. एकसारखं दिसतं म्हणून एक समजलं तर दोघांवरही अन्याय होईल. साताऱ्याचा कोपरा सांभाळणाऱ्या ताईंशी बोललो, त्यांचंही हेच मत. गोणपाट त्यांच्याकडे, माझ्याकडे फक्त पत्राची प्रत.

२८ मार्च

पुढचा इतिहास, एका फलकात बसवायचा म्हणून कापून कापून.

शाळा चांगल्या झाल्या तरी ‘वेगळ्या पण समान’ हे तिथल्या कायद्याचं सूत्र सोंगच राहिलं. दक्षिण कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन काउंटीत १९४९-५० साली गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च होत होते, कृष्णवर्णीय मुलामागे ४३. गोऱ्या मुलांसाठी ३० बस, कृष्णवर्णीयांसाठी एकही नाही. तिथल्या पालकांनी आधी फक्त एक बस मागितली होती. ती नाकारली गेली म्हणून गोष्ट कोर्टापर्यंत गेली. अर्जावर सह्या करणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. हॅरी ब्रिग्ज पेट्रोलपंपावर काम करायचे, त्यांना काढलं. पुढाकार घेणारे पाद्री जोसेफ डीलेन यांचं घर जाळलं. ही केस आणि कॅन्ससमधल्या टोपेकाची केस, आणखी तिघींबरोबर, सर्वोच्च न्यायालयात एकत्र ऐकली गेली. १७ मे १९५४ रोजी नऊ विरुद्ध शून्य असा निकाल लागला. सरकारी शाळांतलं वेगळेपण घटनाबाह्य ठरलं.

मग या शाळा हळूहळू बंद पडल्या. काहींचं गवताचं गोदाम झालं, पुष्कळ पडल्या. मुलं एकत्र आली, पण आपली इमारत सोडून जायची वेळ बहुतेक ठिकाणी कृष्णवर्णीय मुलांवरच आली. शिक्षकांचं तर फार वाईट झालं. गोऱ्या मुलांना शिकवायला कृष्णवर्णीय शिक्षक नकोत म्हणून हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. शिक्षक म्हणून हे लिहिताना हात जड झाला. २००२ साली तिथल्या राष्ट्रीय वारसा संस्थेनं उरलेल्या रोझेनवाल्ड शाळा धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातल्या. तेव्हापासून त्याच शाळांत शिकलेली म्हातारी माणसं वर्गणी काढून छपरं दुरुस्त करतायत. कवयित्री माया अँजेलो आणि खासदार जॉन लुइस, दोघंही अशाच शाळांतले.

५ एप्रिल

शेवटची किरकोळ कामं. लोखंडी शेगडी आणि धुराडं (पेनाची रिफिल, काळा रंग). विटांचे आखूड खांब, त्यावर शाळा जमिनीपासून उचललेली. मागे दोन संडास, मुलांचा आणि मुलींचा, लांब लांब. नकाशात शाळेला किमान दोन एकर जागा मागितलेली आहे, आमच्या टेबलावर ती मावत नाही.

बाकं मोजताना एक गोष्ट लक्षात आली. या सगळ्या शाळांची म्हणून ६,६३,६१५ विद्यार्थी अशी संख्या सगळीकडे छापलेली असते, आणि शिक्षक १४,७४७. भागाकार केला तर बरोबर ४५ येतो, बाकी शून्य. म्हणजे ही डोकी मोजलेली नाहीत, प्रत्येक शिक्षकामागे ४५ जागा धरल्यात. फलकावर ‘विद्यार्थी’ खोडून ‘जागा’ केलं. वर्गात खरी किती मुलं दाटीनं बसली असतील ते आकड्यात नाही.

१० एप्रिल

दालनात मांडणी. इलेक्ट्रिशियन मुलगा हौसेनं म्हणाला, “सर, आत एलईडीची माळ सोडतो, खिडक्या मस्त उजळतील.” त्याला बाकं दाखवली, डावा खांदा दाखवला, टॉर्च आणि काडी दाखवली. तो स्वतःच वाकून दोन-तीनदा काडी फिरवून बघत बसला. मग माळ गुंडाळून खिशात घातली.

आम्ही दोघांनी टेबल भिंतीपासून ओढून पूर्वेच्या खिडकीपाशी नेलं. होकायंत्र मोबाइलमध्ये होतं, त्यावर शाळेचं तोंड लावून घेतलं. भाचीनं एक बाक वेगळं करून उलटं चिकटवलंय, कडेला, डावऱ्यांसाठी. मी काढलं नाही. छप्पर उचलता येतं, घडीची दारं उघडी आहेत, पिशवी टेबलावर आहे.

दालन नऊला उघडतं. ऊन साडेनऊपर्यंत आत असतं.